दिव्याच्या तारेतून निरोप

हुबळी आणि धारवाड यांच्या मधोमध वसलेल्या नवनगरात आमचे घर आहे. चाळीस वर्षांपूर्वी वडिलांनी ते बांधले, तेव्हा एका खोलीस एक स्विचबोर्ड आणि त्यावर एकच प्लग पुरेसा मानला जाई. त्यावर रेडिओ लावावा, इस्त्रीच्या दिवशी रेडिओची पिन काढून इस्त्री लावावी, एवढाच विजेचा संसार. आज त्याच एका प्लगवर संगणक, मोबाईलचा चार्जर, टेबलावरचा दिवा आणि इंटरनेटची पेटी असे चार पाहुणे दाटीवाटीने बसू पाहतात. परदेशी नव्हे, पण परप्रांती राहणाऱ्या आपल्या अनेक कुटुंबांची जुनी घरे अशीच असतील. म्हणून आमचा अनुभव येथे सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कन्येची बंगळूरच्या एका कंपनीसाठी मुलाखत होती. ती घरूनच, संगणकाच्या पडद्यावर द्यावयाची होती. इंटरनेटची पेटी दिवाणखान्यात. निवांतपणासाठी ती बसली मागच्या खोलीत. मधल्या तीन भिंती ओलांडताना वाय-फायचा जोर ओसरला, आणि तिसऱ्या प्रश्नालाच समोरचे चित्र गोठले. तिचा उतरलेला चेहरा पाहून आम्ही घाईने एक उपाय केला. पेटी स्वयंपाकघराजवळ आणली आणि तेथल्या एकमेव प्लगवर मल्टिप्लग लावून त्यावरच मिक्सर, पाणी तापविण्याची किटली व ती पेटी जोडली. आठच दिवसांत जळका वास येऊ लागला. वायरमन आला, त्याने हात लावला आणि म्हणाला, "सर, बोर्ड बिसि आग्यद." बोर्ड तापला होता, आतील प्लास्टिक तपकिरी पडले होते. विद्यार्थ्यांना आम्ही आयुष्यभर गणित शिकविले, पण घरचे गणित चुकलो. 6 अँपिअरचा प्लग 230 व्होल्टवर फार तर 1380 वॅट सोसतो. एकटी किटलीच 1500 वॅटची होती.

त्यानंतर भाच्याने 'पॉवरलाईन अॅडॉप्टर' नावाची जोडी सुचविली. तिची युक्ती अशी: घरातील विजेच्या तारा आधीच प्रत्येक खोलीत पोचलेल्या आहेत. त्यांतून वाहणारी वीज सेकंदास 50 आवर्तनांची. त्याच तारांवर सुमारे 2 ते 28 मेगाहर्ट्झ, म्हणजे लक्षावधी आवर्तनांचे सूक्ष्म तरंग चढवून संदेश धाडता येतो. एक अॅडॉप्टर इंटरनेटच्या पेटीजवळ प्लगमध्ये बसवून पेटीशी वायरीने जोडावयाचा. दुसरा मागच्या खोलीत. दोघे भिंतीतील तारांमधून एकमेकांशी बोलतात. दोन प्रवाह एकाच तारेत, पण एकमेकांत मिसळत नाहीत. घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणाऱ्या आपणांस यात नवल वाटू नये!

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील लष्करी अधिकारी जॉर्ज ओवेन स्क्वायर यांनी 1910 मध्ये एकाच तारेवरून एकाहून अधिक संभाषणे नेऊन दाखविली. आपल्या देशातही उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांवरूनच उपकेंद्रे परस्परांशी बोलत असत. घरगुती उपकरणांसाठी 'होमप्लग' हे पहिले मानक 2001 मध्ये आले आणि त्याची वेगवान आवृत्ती 2005 मध्ये.

आता सावधगिरीचे चार शब्द. ही जोडी प्लग वाढवीत नाही, उलट दोन अडवते. म्हणून अंगावरच प्लग असलेला प्रकार घ्यावा, म्हणजे अडवलेली जागा परत मिळते. अॅडॉप्टर थेट भिंतीतील प्लगमध्येच बसवावा. एक्स्टेन्शन बोर्डावर, विशेषतः संरक्षक गाळणी असलेल्या बोर्डावर, त्याचे तरंग विझतात. बोर्ड हवाच असेल तर तो अॅडॉप्टरच्या अंगच्या प्लगमध्ये लावावा, आणि त्यावरही इस्त्री-किटली लावू नये. मिक्सर, स्वस्त चार्जर, काही एलईडी दिवे तारेत खरखर मिसळतात; तीन फेजच्या घरात दोन्ही टोके एकाच फेजवर असावीत. इन्व्हर्टर काही खोल्यांनाच असेल, तर वीज जाताच दुसऱ्या टोकाचा अॅडॉप्टर मुका होतो. परदेशातील नातलगांनी आणलेल्या जोडीची चौकोनी पिन आपल्या गोल भोकांत बसत नाही. तिच्यासाठी लटपटता कन्व्हर्टर वापरू नये. जोडीवरील बटण दाबून आपली स्वतंत्र गुप्त किल्ली ठरवून घ्यावी, कारण तरंग भिंतीशी थांबतीलच असे नाही. जुन्या शॉर्टवेव्ह रेडिओच्या शौकिनांनी जवळ खरखर ऐकू आल्यास दोष रेडिओला देऊ नये.

वेगाचीही फार आशा धरू नये. डब्यावर 600 लिहिलेल्या आमच्या जोडीने मागच्या खोलीत 70च्या आसपास मेगाबिट दिले. मुलाखतीस आणि अभ्यासास ते भरपूर झाले. नवी वायर ओढणे शक्य असेल, तर इंटरनेटची थेट वायर अधिक चांगली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

परंतु खरी दुरुस्ती अॅडॉप्टरने झाली नाही. त्याच वायरमनकडून आम्ही मागच्या खोलीत दोन नवे प्लग बसविले, स्वयंपाकघरासाठी 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट व वेगळी तार घेतली, अर्थिंग तपासले आणि मल्टिप्लग केराच्या टोपलीत टाकला. त्यानंतरच अॅडॉप्टर लावला. कंपनीने कन्येस पुन्हा वेळ दिली. या वेळी बोलणे शेवटपर्यंत अखंड चालले, आणि पुढल्या महिन्यात ती कामावर रुजू झाली.

वाचकांनो, नव्या यंत्रांस घरात जरूर जागा द्यावी. मात्र त्याआधी एकदा आपल्या घरातील जुन्या स्विचबोर्डावर हात ठेवून पाहावा. तो गरम लागला, तर आधी वायरमनला बोलवावे. इंटरनेट दोन दिवस थांबेल.