स्टायपेंड निम्मा सरकारचा, पण शिकवणार कोण?

शेवटचं सेमिस्टर सुरू झालं की कट्ट्यावरचे विषय बदलतात. आधी 'प्लेसमेंटचं काय?' आणि त्याला उत्तर नसेल तर लगेच पुढचा प्रश्न, 'अप्रेंटिसशिप करू का?' माझ्या मावसभावाने फार विचार न करता ती घेतली. वर्षभर एका कारखान्यात त्याने खोके मोजले, स्टिकर चिकटवले आणि एक्सेलमध्ये आकडे भरले. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला मुलगा! मशीनला हात लागला तो दसऱ्याला, पूजेच्या वेळी.

आणि त्याने तिथे काहीतरी शिकावं म्हणून सरकार पैसे मोजत होतं.

हे गणित समजून घ्या, कारण उद्या तुम्हीही त्यात असाल. अप्रेंटिस कायदा 1961 चा आहे. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. 'ते आयटीआयवाल्यांचं असतं' असं म्हणणाऱ्यांनो, 2014 च्या दुरुस्तीनंतर बीए, बीकॉमवाल्यांनाही ते दार उघडं आहे.

मालकांची तक्रार जुनीच आहे. शिकवायचं आम्ही आणि शिकून पोरगं जाणार शेजारच्या कंपनीत, मग खर्च आम्ही का करायचा? तक्रार अगदीच खोटी नाही. म्हणून सरकार स्टायपेंडमधला काही भार उचलतं. 2019 च्या नियमांनी पदवीधराला महिन्याला किमान 9000 आणि डिप्लोमावाल्याला 8000 रुपये ठरवले. या दोघांसाठीच्या 'नॅट्स' योजनेत या किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार देतं. 2016 मध्ये आलेल्या 'नॅप्स'मध्ये हा वाटा 25 टक्के, तोही जास्तीत जास्त 1500 रुपये. आता ही रक्कम थेट तुमच्या बँक खात्यात येते, त्यामुळे खातं आधारला जोडलेलं आहे ना, तेवढं आधी बघा.

आपल्या राज्याने 2024 मध्ये आणखी पुढची उडी मारली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत, म्हणजे ज्याला सगळे 'लाडका भाऊ' म्हणाले त्यात, बारावीला 6000, आयटीआय आणि डिप्लोमाला 8000, पदवीधरांना 10000 रुपये, आणि हे विद्यावेतन राज्य सरकारचं. मुदत सहा महिन्यांची होती, नंतर पाच महिने वाढवली. ती संपत आली तेव्हा प्रशिक्षणार्थी 'आता कायम करा' म्हणत आंदोलनाला उतरले. त्यांचा राग समजतो. पण योजना प्रशिक्षणाची होती, नोकरीची नव्हे.

खरी मेख इथेच आहे. कायद्याच्या भाषेत अप्रेंटिस हा कामगार नसतो, तो शिकाऊ असतो. सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई त्याला लागू आहे, पण एरवीचे कामगार कायदे नाहीत. वर्ष संपल्यावर कामावर ठेवायचं बंधन मालकावर नाही. सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये एसटीसारख्या एका सरकारी महामंडळाच्या प्रकरणात म्हटलं होतं की बाकी सगळं सारखं असेल तर प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावं. प्राधान्य, हमी नाही. म्हणजे पगार नाही, नोकरीची खात्री नाही. तुमच्या हाती उरतं ते फक्त शिकणं. तेही मिळालं नाही, तर सरकारी पैशातून कंपनीला स्वस्तात एक माणूस मिळाला, एवढाच त्याचा अर्थ.

आणि शिकवणं ही काही मालकाची मेहेरबानी नव्हे. योग्य पात्रतेची व्यक्ती प्रशिक्षणाची जबाबदार म्हणून नेमणं त्याला कायद्यानेच बंधनकारक आहे. परवानगीशिवाय ओव्हरटाइमही करून घेता येत नाही. म्हणून मुलाखतीला गेलात की फक्त 'किती देणार?' विचारून उठू नका. मला शिकवणार कोण, पहिले तीन महिने कुठल्या विभागात, करार पोर्टलवर नोंदवणार ना, हेही विचारा. करारच नोंदवलेला नसेल तर शेवटी प्रमाणपत्र कशाच्या जोरावर मागणार? या प्रश्नांनी समोरचा चिडला, तर तेही एक उत्तरच समजा.

सगळ्या कंपन्या तशा नसतात, हेही सांगायला हवं. भावाचाच एक वर्गमित्र भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये गेला. एसी नाही, कँटीन नाही, मालक जाम तोंडाळ. पण दुसऱ्या आठवड्यापासून त्याने पोराला सीएनसीवर उभं केलं. जॉब बिघडला की शिव्या, आणि मग स्वतः शेजारी उभं राहून सेटिंग. वर्षभरात तो प्रोग्रॅम लिहायला लागला.

पुढे दोघंही एकाच कंपनीत मुलाखतीला गेले. प्रमाणपत्र दोघांकडे होतं, अगदी सारखं. समोरच्या साहेबांनी ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, ''कुठली मशीन चालवता येते?'' भाऊ घरी येऊन सांगत होता, ''काय बोलू कळेना, शेवटी एक्सेल म्हणालो.''