टर्बोयुक्त मोटारीतील डाउनपाइप : शक्ती आणि तिचे मोल

अंतर्ज्वलन एंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंबरोबर इंधनातील ऊर्जेचा मोठा भाग वाया जातो. ह्या वायूंनी टर्बाइन फिरवावे आणि त्याच दांड्यावरील संपीडकाने एंजिनास अधिक हवा पुरवावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी ह्याने १९०५ मध्ये पेटंटाद्वारे मांडली. प्रवासी मोटारींत ती १९६२ मध्ये अमेरिकेतील ओल्डस्मोबील जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर ह्या गाड्यांतून अवतरली. टर्बाइनमधून निघालेले वायू ज्या नळीत प्रथम शिरतात तिला डाउनपाइप म्हणतात. मूळ नळी काढून तिच्या जागी अन्य उत्पादकाची अधिक रुंद नळी बसवण्याची प्रथा हौशी मोटारमालकांत रूढ आहे. तिने शक्ती का वाढते व त्या शक्तीचे मोल कोणत्या रूपाने द्यावे लागते, ह्या दोन प्रश्नांचा विचार एकत्रच केला पाहिजे.

टर्बाइनला मिळणारे कार्य त्याच्या प्रवेशद्वारीच्या व निर्गमद्वारीच्या दाबांच्या केवळ फरकावर नव्हे, तर त्यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. उदाहरणादाखल प्रवेशदाब २४० व निर्गमदाब १४० किलोपास्कल (निरपेक्ष) मानू. गुणोत्तर सुमारे १.७१ येते. रुंद नळीमुळे निर्गमदाब १२० वर आला, तर तेच गुणोत्तर राखण्यास सुमारे २०६ इतका प्रवेशदाब पुरतो. म्हणजे टर्बाइनच्या पुढे २० किलोपास्कलांची बचत झाली, तर मागे, एंजिनाच्या बाजूस, सुमारे ३४ ची होते. तितक्या प्रमाणात दट्ट्याला जळके वायू बाहेर ढकलण्यास कमी श्रम पडतात व सिलिंडरात उरणारे वायूही घटतात. टर्बो नसलेल्या एंजिनात हा गुणाकार घडत नाही. म्हणूनच हा फेरबदल टर्बोयुक्त मोटारींत विशेष फलदायी ठरतो.

परंतु येथेच दुसरा प्रश्न उपस्थित होतो. संपीडकाचा दाब मर्यादेत ठेवण्यासाठी काही वायू टर्बाइनला वळसा घालून वेस्टगेट नावाच्या झडपेतून सोडले जातात. ह्या झडपेचे नियंत्रण करणाऱ्या संगणकातील कोष्टके मूळ नळीचा अवरोध गृहीत धरून रचलेली असतात. अवरोध घटताच झडपेच्या त्याच स्थितीत संपीडक अधिक दाब देऊ लागतो. झडप लहान असल्यास ती पूर्ण उघडूनही दाब चढतच राहतो. परिणामी अकाली स्फोटनाचा व टर्बोचा वेग मर्यादेबाहेर जाण्याचा धोका संभवतो. म्हणून नळी बदलल्यावर दाब, इंधन व प्रज्वलन ह्यांची कोष्टके तपासून नव्याने जुळवणे हा ह्या कामाचाच अविभाज्य भाग होय.

प्रत्यक्ष कृतीसाठी सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स ह्या मोटारीच्या २००२ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या नमुन्याचे उदाहरण घेता येईल. तीत हवा थंड करणारा इंटरकूलर एंजिनाच्या माथ्यावर असतो. तो काढल्यावरच टर्बोच्या जोडापर्यंत हात पोहोचतो. एंजिन पूर्ण थंड करून बॅटरी सोडवावी, गंजलेल्या नटांवर भेदक तेल टाकून ते मुरू द्यावे, उष्णतारोधक पत्रा व ऑक्सिजन संवेदक काढावेत आणि नळीस आधार देऊनच नट सोडवावेत. जोडणी करताना नवे गॅस्केट वापरावे व सर्व नट प्रथम सैल बसवून क्रमाक्रमाने आवळावेत. अन्यथा ताणामुळे जोड गळतो. प्रथम तापून थंड झाल्यावर नटांची पुन्हा तपासणी इष्ट असते.

ह्याच मूळ नळीत उत्प्रेरकी परिवर्तकही बसवलेला असतो. कार्बन मोनॉक्साइड, अर्धदग्ध हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे ह्यांचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणे हे त्याचे कार्य होय. त्यास पुरेशी उष्णता लागत असल्याने त्याची जागा टर्बोजवळ असते. वायूंना होणाऱ्या अवरोधाचा बराच वाटा त्याचाच असल्यामुळे अनेक पर्यायी नळ्यांतून तो वगळलेला आढळतो. मग त्याच्या पुढील संवेदक दोषाची सूचना देतो, आणि ती सूचना संगणकातून पुसून टाकण्याचा मोह होतो. सूचना पुसली तरी प्रदूषण पुसले जात नाही. अमेरिकेतील स्वच्छ हवा कायद्याने परिवर्तक निकामी करण्यास मनाई केली असून, १९९० च्या दुरुस्तीनंतर ती मोटारमालकासही लागू आहे. भारतातही १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ५२ वे कलम वाहनाच्या फेरबदलावर निर्बंध घालते.

तात्पर्य, नळीची रुंदी आणि परिवर्तकाचा अभाव ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत; पहिलीचा लाभ घेण्यास दुसरी अपरिहार्य नाही. विरळ छिद्ररचनेचा परिवर्तक असलेली नळी अवरोध घटवूनही शुद्धीकरणाचे काम पुष्कळसे चालू ठेवू शकते. मात्र ती मूळ परिवर्तकाइतकी कार्यक्षम व कायद्यास मान्य आहे की नाही, हे मोजमापानेच ठरवावे लागते. वाढलेली शक्ती चालकाच्या पदरी पडते, पण त्या नळीतून निघणारी हवा सर्वांच्या वाट्यास येते. ह्या फेरबदलाचा हिशेब केवळ अश्वशक्तीत मांडल्यास तो अपुरा राहतो, तो ह्याच कारणाने.