संभाषणाची लांबी आणि दूरध्वनी केंद्राची क्षमता

दूरध्वनी केंद्रात जितके ग्राहक तितके जोडमार्ग कधीच नसतात. सर्व ग्राहक एकाच वेळी बोलत नाहीत, या साध्या निरीक्षणावर त्याची सारी आखणी उभी असते. या निरीक्षणास गणिताचे रूप दिले ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील ए. के. एर्लांग यांनी, १९१७ साली. त्यांच्या सूत्रास दोनच गोष्टी लागतात : मार्गांची संख्या आणि त्यांवरील भार. भार म्हणजे तासाभरातील कॉलची संख्या आणि कॉलची सरासरी लांबी यांचा गुणाकार होय.

एक उदाहरण घेऊ. गर्दीच्या तासात १०० ग्राहकांनी प्रत्येकी ३ मिनिटांचा एक कॉल केला, तर भार ५ एर्लांग होतो. शंभरांत एकाहून अधिक कॉल अडू नये, असा दंडक ठेवल्यास ११ मार्ग पुरतात. आता यांपैकी केवळ १० ग्राहकांनी मोडेम लावून अर्धा अर्धा तास लाइन धरली असे समजू. कॉल शंभरच राहिले. भार मात्र ९.५ एर्लांग झाला. त्याच ११ मार्गांवर आता शंभरांतील सुमारे १४ कॉल अडतील. पूर्वीचा दंडक पाळावयाचा, तर १७ मार्ग लागतील. अडणाऱ्यांत बहुसंख्य असतील ते केवळ बोलू इच्छिणारे. त्यांतच एखादा डॉक्टरांना बोलावणाराही असू शकेल.

येथे सूत्र चुकले असे म्हणता येत नाही. बदलली ती त्यात घातलेली सरासरी. संभाषणास स्वाभाविक शेवट असतो. दोघांपैकी एक जण निरोप घेतो आणि मार्ग मोकळा होतो. डायल-अप जोडणीत निरोप घेणारा कोणी नसतो. वापरणारा पडद्यावरील मजकूर वाचीत असतानाही मार्ग अडलेलाच राहतो. अमेरिकेत डिसेंबर १९९६ मध्ये एओएलने महिना १९.९५ डॉलरमध्ये अमर्याद वापर देऊ केला. तेथे बहुतेक घरांना स्थानिक कॉलचेही मिनिटागणिक मोल पडत नसे. लाइन सोडण्याचे कारणच उरले नाही.

पुढे डीएसएल पद्धतीने त्याच तांब्याच्या तारेवर, आवाजाहून उच्च कंप्रतेने माहिती वाहून नेली, आणि ती केंद्रातच वेगळी काढल्यामुळे बोलण्याचे मार्ग मोकळे राहिले. एओएलची डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली. तथापि तिचा धडा टिकाऊ आहे : क्षमतेच्या गणितातील सरासरी ही निसर्गाचा स्थिरांक नसून लोकांच्या सवयीचे माप असते, आणि सवय पालटली की ते माप पुन्हा घ्यावे लागते.