पऱ्हाटीतले पतंग मोजणारा डोळा

‘पोरं दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात,’ ही तक्रार अमरावती-अकोल्याच्या घराघरांत ऐकू येते. पण त्याच मोबाईलच्या कॅमेऱ्याकडून काम करून घ्यायला आपली मुलंमुली शिकली तर? बारावी किंवा डिप्लोमा केलेल्या, थोडंफार इंग्रजी वाचता येणाऱ्या कोणालाही हे हुनर घरबसल्या शिकता येते. फी लागत नाही. रोजचा एक तास आणि सब्र लागतो.

यंत्राला चित्र ‘पाहायला’ शिकवणे म्हणजे संगणक-दृष्टी. ‘ओपनसीव्ही’ हा त्यासाठीचा तयार प्रोग्रामांचा संच आहे. इंटेल कंपनीत 1999 साली गॅरी ब्रॅडस्की यांनी त्याची सुरुवात केली. तो मोफत आहे आणि त्याचा कोडही सर्वांना खुला आहे. हा विषय आपल्याला परका नाही. वस्तूकडून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून आपल्याला दिसते, हे बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल्-हैसम यांनी अकराव्या शतकात ‘किताब अल्-मनाझिर’मध्ये प्रयोगांनिशी मांडले होते.

शिकायला उदाहरण आपल्या मातीतलेच घेऊ. 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाची पऱ्हाटी पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. अळी एकदा बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून कामगंध सापळ्यात अडकलेले नर पतंग रोज मोजायचे असतात. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज 8 पतंग आले, तर उपाय करायची वेळ आली असे समजतात. मुंबईच्या ‘वाधवानी एआय’ संस्थेने सापळ्यातल्या किडींचा फोटो पाहून मोजणी करणारे ‘कॉटनएस’ हे अ‍ॅप केले आहे. त्याची छोटी आवृत्ती आपल्यालाही करून पाहता येईल.

सापळ्यातले पतंग पांढऱ्या कागदावर पसरा आणि सावली न पाडता वरून फोटो घ्या. संगणकासाठी फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. 640 गुणिले 480 च्या फोटोत 3,07,200 ठिपके असतात. करड्या फोटोत प्रत्येक ठिपक्याला 0 (काळा) ते 255 (पांढरा) असा आकडा असतो. पायथॉन भाषेत पायऱ्या अशा: फोटो उघडायचा, करडा करायचा, थोडा धूसर करून बारीक डाग घालवायचे, गडद भाग पांढऱ्या कागदापासून वेगळा काढायचा, प्रत्येक भागाची कडा शोधायची आणि फार लहान तुकडे वगळून उरलेले मोजायचे. सारे मिळून वीसेक ओळी होतात. घरी संगणक नसेल तर ‘गूगल कोलॅब’ ब्राउझरमध्ये चालते. तिथे ओपनसीव्ही आधीच बसवलेले असते.

खरी तालीम यानंतर सुरू होते. दोन पतंग चिकटले की प्रोग्राम एकच मोजतो. दुसरा एखादा किडा पतंग म्हणून धरला जातो. 8 च्या जागी 5 दिसले, तर शेतकरी गाफील राहील. 5 च्या जागी 8 दिसले, तर नाहक फवारणी होईल. म्हणून आमचे सांगणे असे की, आधी पन्नास फोटोंतले पतंग हाताने मोजा, वहीत लिहा, मग प्रोग्रामचा आकडा शेजारी मांडा. चूक कुठे होते ते कळले की पुढचा धडा, म्हणजे उदाहरणांवरून यंत्राला पतंग ओळखायला शिकवणे, आपोआप समोर येतो. तोवर फवारणीचा निर्णय प्रोग्रामवर सोडू नका.

एक गोष्ट पालकांसाठी. ओपनसीव्हीत चेहरे शोधण्याची सोयही आहे आणि मुलांना तिचे आकर्षण असते. दुसऱ्याचा चेहरा ही अमानत आहे. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो वापरायचा नाही, हेही सोबतच शिकवावे.

आणि हे फक्त मुलासाठी, असे ठरवू नका. शेतावरून अब्बांनी आणलेल्या फोटोंवर घरी बसलेली मुलगी हे काम तितक्याच सफाईने करू शकते. आलेले आकडे गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या जाणकारांना दाखवा. तिची वही आणि तिच्या वीस ओळी पुढच्या शिक्षणाच्या वेळी उपयोगी पडतील.