पेशीचे दुसरे दार

डाळ, दूध किंवा मासे यांतील प्रथिने जशीच्या तशी रक्तात उतरत नाहीत; पाचकरस त्यांचे तुकडे करतात. या तुकड्यांची सुटी अमिनो आम्ले झाल्यावरच आतडे त्यांचे शोषण करते, असा समज दीर्घकाळ रूढ होता.

१९५६ साली इंग्लंडमध्ये हार्टनप रोगाचे वर्णन प्रसिद्ध झाले. या रुग्णांच्या आतड्यांतील पेशींना ट्रिप्टोफॅनसारखी काही सुटी आम्ले नीट शोषता येत नाहीत. पुढे आढळले की, हीच आम्ले जोडीने गुंफून दिली तर ती सहज शोषली जातात. म्हणजे पेशीला दुसरेही दार होते!

पेशीचे पटल स्निग्ध असल्यामुळे पाण्यात विरघळणारी पेप्टाइडे ते आपणहून ओलांडू शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात ‘पेप्ट-१’ हे वाहक प्रथिन बसलेले असते; त्याची जनुकीय ओळख १९९४ साली पटली. पटलाबाहेर हायड्रोजनचे भारित कण अधिक असतात. ते आत शिरताना पेप्टाइडालाही सोबत घेऊन जातात. वाहक बाहेरून मिटतो आणि आतल्या बाजूस उघडतो. प्रवेश मात्र दोन किंवा तीन आम्लांच्या साखळीलाच! आत विकरे तिची सुटी आम्ले करतात व ती रक्तात जातात. पेप्टाइडाशी साम्य असलेले सेफॅलेक्सिन हे जंतुनाशक औषधही याच मार्गाने शरीरात शिरते.

जन्मजात दोष असूनही बहुतेक हार्टनप रुग्णांना त्रास जाणवत नाही. पुरेशा प्रथिनयुक्त आहाराला हे दार उघडे असते, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण होय.