ओढ यंत्राची (भाग ६) : उसाच्या खेपेला फोर बाय फोर हवा का?

हंगामाची चाहूल लागली की नेवाशापासून कोपरगावपर्यंत ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये एकच चर्चा असते. टू-व्हील घ्यायचा की फोर बाय फोर? लोणीला १९५० मध्ये विखे पाटलांचा सहकारी कारखाना सुरू झाला, त्या काळात उसाची मदार बैलगाडीवर होती. आता डबल ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर आहे. कारखान्याशी करार झालेला, टोळीला उचल दिलेली आणि हेडचे, म्हणजे ट्रॅक्टरचे, हप्ते सुरू झालेले, अशा माणसाला चुकलेली निवड पाच महिने छळते.

विक्रेता आधी एचपी सांगतो. पण ओढायचं बळ एचपीइतकंच, किंबहुना जास्त, ठरतं ते चालत्या चाकांवर किती वजन आहे त्यावर. थोडा हिशेब करू. समजा ऊस धरून दोन्ही ट्रॉल्यांचं वजन १५ टन आहे. डांबरी रस्त्यावर ते ओढायला त्याच्या साधारण दोन टक्के, म्हणजे ३०० किलोचा जोर पुरतो. तीच ट्रॉली पाणी दिलेल्या काळ्या रानात उभी असेल तर दहा-बारा टक्के धरा. जोर दीड-पावणेदोन टनांवर जातो. सव्वादोन टनांच्या टू-व्हील ट्रॅक्टरचं निम्म्याहून थोडं जास्त वजन मागच्या चाकांवर असतं. ओल्या मातीची पकड त्याच्या चाळीस-पंचेचाळीस टक्के. म्हणजे सहाशे किलोच्या आसपास ओढ मिळते. हूकवर ट्रॉलीचं ओझं येतं त्याने थोडी भर पडते, एवढंच. चाक जागेवर फिरतं आणि खड्डा करतं. पन्नासचा साठ एचपी आणला तरी तेच होणार.

फोर बाय फोरमध्ये पुढची चाकंही ओढतात, म्हणून जवळजवळ सगळं वजन कामी येतं आणि ओढ हजार-अकराशे किलोंवर जाते. भरलेली डबल ट्रॉली चिखलातून काढायला तेवढीही पुरत नाही. सात-आठ टनांची एक ट्रॉली मात्र निघते. रानातून एकेक ट्रॉली सडकेवर आणायची आणि तिथे जोडायची, हीच फोर बाय फोरची खरी कमाई. नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलवा, त्याचे पैसे मोजा, वर खेप चुकवा. प्रवरा, मुळा, गोदावरीच्या काठच्या भारी जमिनीतून ऊस काढायचा असेल तर वरचे लाखभर रुपये वसूल होतात. मुरमाड, हलक्या रानातला ऊस आणि दारापर्यंत डांबर असेल तर ते पैसे चांगले टायर आणि ट्रॉलीचे ब्रेक यांवर घाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

निवडताना आणखी एक गोष्ट बघा. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. तिच्या अहवालात ड्रॉबारवर प्रत्यक्ष किती ओढ मिळाली ते छापलेलं असतं. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा; माहितीपत्रकावरच्या फोटोपेक्षा तो आकडा उपयोगाचा. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांत कॉमन रेल इंजिनं आली. ती जोमदार आहेत, पण त्यांना गाळ आणि पाणी मुळीच चालत नाही. शेतावर बॅरलमध्ये डिझेल साठवणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावं, आणि फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी न चुकता सोडावं.

आता निगा. फोर बाय फोरची पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित वेगाने फिरवलेली असतात. मऊ रानात ते चालतं. डांबरावर मात्र टायर घासतात आणि गिअरवर ताण येतो. म्हणून सडकेला लागलं की लिव्हर काढायचा. बरेच ड्रायव्हर तो हंगामभर तसाच ठेवतात आणि पुढचे टायर वर्षात गेले म्हणून कंपनीला शिव्या देतात! टायर बदलतानाही कंपनीने दिलेलाच साइज घ्या, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांचा मेळ बिघडतो. पुढच्या ॲक्सलचं ऑइल वेगळं असतं, ते तपासायचं राहून जातं. पाचट पुढच्या शाफ्टला गुंडाळतं आणि ऑइल सील कापतं. रोज संध्याकाळी खाली वाकून बघायला दोन मिनिटं लागतात. तेच पाचट रेडिएटरच्या जाळीवर बसलं की इंजिन तापतं. गव्हाणीच्या रांगेत अर्धा क्लच दाबून पुढे सरकणं ही क्लचप्लेट जाळायची हमखास रीत आहे. गिअर काढा, पाय वर घ्या.

रुतलेली ट्रॉली काढताना साखळी टॉपलिंकच्या ब्रॅकेटला कधीही अडकवू नका. ओढ वरून लागली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर सेकंद-दीड सेकंदात मागे उलटतो. ड्रायव्हरला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. साखळी खालच्या ड्रॉबारलाच हवी.

आणि उताराचं. करंजी किंवा चंदनापुरी घाटात चार चाकं ओढतात म्हणून पंधरा टन थांबत नाहीत. विसात एक असा उतार असला तरी मागून पाऊण टनाचा रेटा येतो. घाट सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका, दोन्ही ब्रेक-पेडल एकत्र अडकवा, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्या ड्रायव्हरला खाली उतरवा.

ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक हवा की नको, तो कोणता आणि जुन्या ट्रॉलीला कसा बसवायचा, हे पुढच्या आठवड्यात. तोवर मागच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर आहे ना, तेवढं आजच पाहून घ्या.