आधी तारीख बघायची

तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर माझ्या मित्राचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फुटलेल्या काचा, गेलेल्या चार्जिंग पिना हे बारमाही काम. खरिपाच्या पेरण्या उरकल्या की त्यात ॲप घालून घ्यायला येणाऱ्यांची भर पडते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि उभ्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची, ती सातबाऱ्यावर चढायची, असं ठरलं. म्हणून इथे ‘ॲप होत नाहीये’ म्हणणाऱ्याच्या आवाजात काळजी असते.

“नेट आहे दादा, पण नुसतं फिरतंय.” मित्र नेटकडे वळतच नाही. तो आधी तारीख बघतो. महिनोन्‌महिने कपाटात पडलेल्या फोनची बॅटरी पार उतरली की कधीकधी घड्याळ काही वर्षं मागे जातं. प्ले स्टोअरशी जोडून घेताना फोन समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो आणि त्यावर ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. फोनच्या लेखी अजून २०१९ चालू असेल, तर ती मुदत सुरूच झालेली नसते आणि जोडणी नाकारली जाते. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ केली की बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नुसतं ‘पेंडिंग’ दिसत असेल तर मागे इतर ॲपचे अपडेट रांगेत असतात; ते थांबवायचे.

जागेचा प्रश्न मात्र वेळ खातो. साठ एमबीच्या ॲपला साठ एमबी पुरत नाहीत. उतरवलेली फाइल, तिच्यातून उलगडलेला भाग, फोनने चालवण्यासाठी तयार केलेला कोड, सगळ्यालाच जागा लागते. शिवाय अपडेट असेल तर नवं बसेपर्यंत जुनं हलत नाही. एका मावशींचा फोन असाच काठोकाठ भरलेला होता.

“मावशी, यातलं थोडं काढू का?”

“नातवाच्या फोटोंना हात लावू नको रे बाबा.”

त्याने गॅलरी उघडलीच नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ला गेला. तिथे पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि पुन्हापुन्हा फॉरवर्ड झालेल्या गोष्टी वेगळ्या दिसतात. एकेक व्हिडिओ त्यांच्यापुढे धरायचा, त्यांनी मान हलवली की पुसायचा. मागे माणसं ताटकळली होती, तरी त्याने घाई केली नाही. मला हे काम फार मोलाचं वाटतं. फॅक्टरी रिसेट मारून फोन परत देणं कुणालाही जमतं. पण त्यात नातवाचे फोटो आणि गेलेल्या माणसाचा आवाज असलेला मेसेजही जातो, आणि बॅकअप म्हणजे काय हे त्या मावशींना कुणी सांगितलेलंच नसतं.

सगळ्यांत चकवणारी अडचण वेगळीच. जागा आहे, तारीख बरोबर, फाइलही पूर्ण. तरी फोन म्हणतो, ‘ॲप नॉट इन्स्टॉल्ड’. पडद्यावर कारण येत नाही. मित्र मग ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन उघडतो, केबल लॅपटॉपला लावतो आणि तिथून तीच फाइल घालून बघतो. फोनने पोटात ठेवलेलं कारण लॅपटॉपवर उमटतं: ‘इन्स्टॉल फेल्ड अपडेट इनकम्पॅटिबल’. म्हणजे त्याच नावाचं ॲप फोनमध्ये आधीपासून आहे आणि दोघांवरच्या डिजिटल सह्या जुळत नाहीत. बनवणाऱ्याची सही प्रत्येक ॲपवर असते. वेगळ्या सहीचं ॲप जुन्याच्या जागी बसू दिलं असतं, तर कुणीही बँकेच्या ॲपची नक्कल बसवून आतला मजकूर वाचला असता. तेव्हा हा नकार आपल्या भल्याचाच. कधीकधी मात्र जुनं ॲप शोधूनही सापडत नाही, कारण ते फोनच्या दुसऱ्या प्रोफाइलमध्ये किंवा सिक्युअर फोल्डरमध्ये दडलेलं असतं. तिथलं काढलं की वाट मोकळी. पण काढण्याआधी आतला डेटा लागणार आहे का, हे तो विचारतोच.

एक पोरगा आला. व्हॉट्सॲपवर आलेलं ‘चलान’ नावाचं एपीके, आणि प्ले प्रोटेक्ट ते अडवतंय.

“भाऊ, ते प्रोटेक्ट बंद करून टाक फक्त.”

“पाठवलं कुणी?”

“नंबर ओळखीचा नाही.”

मित्राने फाइल पुसली. चलान आणि लग्नपत्रिका यांच्या नावाखाली फिरणाऱ्या अशा फाइली मेसेज वाचायची परवानगी मागतात. ती दिली की बँकेचा ओटीपी परस्पर तिसऱ्याच्या हातात. “आरसी आहे का जवळ?” त्याने विचारलं, आणि परिवहन विभागाची वेबसाइट उघडून गाडीचा नंबर टाकायला घेतला.